मरुत्सखाचा नकाशा कुठे आहे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात असणे म्हणजे काय, हे गोव्यातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे गाव नकाशात मध्य प्रदेशात आहे, बोलण्यात मात्र विदर्भात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा आणि सौंसर मागे राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून वेगळा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरून सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमार. कुणा एका मुलाने पलीकडच्या मुलीला पळवून आणले आणि नदीत दोघे सापडले, अशी त्यामागची आख्यायिका. आख्यायिकेला पुरावा नाही, पण दगड खरे असतात आणि फुटणारी डोकीही खरी असतात. मी गेल्या पोळ्याला तिथे होतो आणि दिवसभर घरातच बसलो. भित्रा म्हणा हवे तर.

ज्या घरात बसलो ते माझ्या एका जुन्या स्नेह्याचे. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. लहानपणी रात्री-अपरात्री गावावरून विमानाची घरघर जायची, ती ऐकत जागायचा. १९४९ पासून १९७३ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची टपाल-विमाने मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्यातले दिल्लीचे विमान आमच्या डोक्यावरून जायचे, असे तो अजून सांगतो. पुढे नोकरी रुळांवर झाली, पण मान वर करायची सवय गेली नाही. आता त्याच्या बैठकीत काचेच्या कपाटात चौदा विमाने आहेत. प्लॅस्टिकची, तळहातावर मावतील अशी, बहुतेक दुपंखी. म्हणजे एकावर एक असे दोन पंख, मध्ये खांब आणि तारा. जुन्या छायाचित्रांत आपण बघतो ती.

ही विमाने विकत मिळत नाहीत. मिळतो तो डबा. डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले पन्नास-साठ तुकडे, एक घडीचा कागद आणि पाण्यात भिजवून लावायची चित्रे. बाकी सगळे आपले. कापायचे, घासायचे, जुळवायचे, रंगवायचे. एका विमानाला त्याचे दोन-दोन महिने जातात. घरी येणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो. "कितीला पडलं?" आणि "उडते का?" पहिल्याचे उत्तर ऐकून माणूस हळहळतो आणि दुसऱ्याचे ऐकून हसतो.

त्या दिवशी मात्र तिसरा प्रश्न आला. शेजारचे एक सर चहाला आले होते. आयुष्यभर शाळेत शिकवलेले, सज्जन, वाचणारे. कपाटाकडे पाहत म्हणाले, "हे सारं विलायतीच हाय तुमचं. अन् पहिलं विमान तर आपल्या तळपद्यांनी उडवलं. १८९५ ले, मुंबईच्या चौपाटीवर. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. ते काऊन नाही बनवत तुम्ही?"

माझा मित्र शांतपणे म्हणाला, "नकाशा आणून द्या ना सर. पंख किती फुटांचे, वरचा खालच्याच्या किती पुढं, चाकं किती, शेपूट कशी. उद्याच बसतो."

सरांनी कप खाली ठेवला. विषय बदलला. पण जाताना दारात मला म्हणाले, "आपल्याच माणसाले आपल्या गोष्टीचा अभिमान नसला, की असं होते भाऊ." मी पाहुणा, तेव्हा गप्प बसलो. आता माझ्या घरी आहे, म्हणून बोलतो.

सर, अभिमानाचा प्रश्न नाहीच मुळी. तुम्ही ज्याला उर्मट उत्तर समजलात तो या विषयातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न होता, आणि तो गेल्या कित्येक वर्षांत आपल्या सभा-संमेलनांत, लेखांत, भाषणांत कुणीही विचारलेला मी ऐकला नाही. तो विचारायला एक दुपंखी विमान हाताने जुळवलेले असावे लागते.

जुळवणे म्हणजे काय ते थोडे सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. या छंदातले रूढ प्रमाण एकास बहात्तर. एक इंच म्हणजे सहा फूट. म्हणजे धिप्पाड वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. या प्रमाणात टायगर मॉथचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेबारा सेंटिमीटरांच्या आतबाहेर भरतात, कारण खऱ्या विमानाचे ते २९ फूट ४ इंच होते. खालचा पंख चिकटवणे सोपे. वरचा पंख हा परीक्षेचा पेपर. चार-सहा काडीएवढे खांब उभे करायचे, डिंक ओला असताना त्यांच्यावर पंख ठेवायचा, आणि समोरून, बाजूने, वरून पाहायचे. पंख केसभर तिरका बसला तर विमान दारू प्यायल्यासारखे दिसते. मित्र त्यासाठी पुठ्ठ्याचा साचा करतो, त्यात विमान अडकवतो आणि रात्रभर हात लावत नाही. मग तारा. प्लॅस्टिकच्या चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचा. केसाएवढी तार निघते. ती चिमट्याने मापून, कापून एकेक लावायची.

तारा कुठल्याही लावून चालत नाहीत, हे मला त्या दिवशीच कळले. काही तारा पोटापासून निघून वरच्या पंखाच्या टोकाकडे जातात. विमान हवेत असताना पंखांना वर उचलणारा जोर त्या घेतात. काही उलट दिशेने, वरून मध्यापासून खालच्या पंखाच्या टोकाकडे. विमान जमिनीवर असते तेव्हा पंखांचे वजन त्या धरतात. माझा रेल्वेवाला मित्र म्हणाला, "अरे, हा तर पुलाचा गर्डर हाय." आणि तो शब्दशः खरे बोलत होता. ऑक्टाव्ह शनूट हा अमेरिकेतला रेल्वे-पुलांचा अभियंता. त्याने १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर आपले दुपंखी ग्लायडर उडवले, तेव्हा पुलाच्या गर्डरची तिरक्या ताणांची पद्धत त्याने दोन पंखांमध्ये आणून बसवली. राइट बंधूंनी ती उचलली. पुढची पंचवीस-तीस वर्षे जगातले जवळजवळ प्रत्येक विमान पुलासारखे बांधले गेले. पाठ्यपुस्तकात हे वाक्य वाचून मी विसरलो असतो. चौदा तारांपैकी एक उलटी लागली आणि मित्राने ती उपटून काढली, म्हणून लक्षात राहिले.

टायगर मॉथचे पंख किंचित मागे झुकलेले का, हेही असेच. पुढच्या जागेवर बसलेल्या शिक्षकाला अपघातात छत्रीसह बाहेर उडी मारता यावी म्हणून त्याच्या डोक्याभोवतीचे खांब पुढे सरकवले. खांब पुढे गेले तसा वरचा पंखही पुढे गेला, विमानाचा तोल बिघडला. तो सावरायला पंखांची टोके मागे वळवली. एका माणसाचा जीव वाचावा म्हणून अख्ख्या विमानाचा आकार बदलला. डब्यातल्या प्लॅस्टिकला हे ठाऊक असते. डबा काढणाऱ्याने कुठल्यातरी संग्रहालयात जाऊन, फीतपट्टी लावून मोजलेले असते.

आता चौपाटीकडे येऊ.

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, पाठारे प्रभू समाजातले, वेदविद्येचे अभ्यासक. १८६४ चा जन्म, १९१६ ला गेले. जिज्ञासू माणूस, त्यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदरच आहे. त्यांनी १८९५ मध्ये मरुत्सखा नावाचे माणूसविरहित विमान चौपाटीवर उडवले, ते १५०० फूट उंच गेले आणि मग खाली पडले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड बघायला हजर होते, 'केसरी'त बातमी आली, असे सांगतात. कुणी म्हणतो ते पाऱ्यावर चाले. कुणी म्हणतो सूर्यशक्तीवर. सांगणारे पुष्कळ आहेत. 'केसरी'च्या त्या अंकाची तारीख आणि पान सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. इंटरनेटवर मरुत्सखाची म्हणून जी चित्रे फिरतात त्यांतली कुठलीही दोन एकमेकांशी जुळत नाहीत. एकात ते जहाजासारखे, दुसऱ्यात पक्ष्यासारखे, तिसऱ्यात चक्क राइट बंधूंच्या विमानासारखे!

त्याच १८९५ साली जर्मनीत ओटो लिलिएंथाल दोन पंखांच्या ग्लायडरला लटकून टेकडीवरून झेपा घेत होता. त्याची छायाचित्रे आहेत, मापे आहेत, त्याने लिहिलेले ग्रंथ आहेत. पुढच्याच वर्षी तो पडून मेला, त्याचीही नोंद आहे. त्या वर्षी जगात उडण्याचे काम चालू होते आणि ते करणारी माणसे कागदावर रेघ ओढत होती. आपण मात्र फक्त गोष्ट ओढत आणली आहे.

यावर ठरलेले उत्तर येते. "इंग्रजांनी दडपलं." सर, दडपण्याची एक खरी कहाणी सांगतो. राइट बंधूंना सर्वांत मोठा विरोध झाला तो त्यांच्याच देशातल्या स्मिथसोनियन संस्थेकडून. संस्थेचे प्रमुख लँगली यांचे स्वतःचे विमान १९०३ मध्ये दोनदा पाण्यात पडले होते. १९१४ मध्ये तेच विमान बरेच फेरफार करून उडवले गेले, आणि मग संस्थेने ते 'उडण्यास समर्थ असे पहिले विमान' म्हणून मांडून ठेवले. ऑर्व्हिल राइट इतका चिडला की त्याने आपले मूळ विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. स्मिथसोनियनने चूक कबूल केली ती १९४२ मध्ये. विमान मायदेशी परतले ते १९४८ मध्ये. तोवर ऑर्व्हिलही गेला होता. स्वतःच्या राष्ट्राची सर्वांत बलाढ्य संस्था विरोधात असूनही ते दडपले गेले नाही. का? तर पंखांची लांबी ४० फूट ४ इंच होती आणि ती लिहिलेली होती. इंजिन बारा अश्वशक्तीचे होते आणि ते होते. १७ डिसेंबर १९०३ चे छायाचित्र होते. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे, असा कमीपणाचा आकडा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला होता. १५०० फूट नव्हे. जो माणूस स्वतःबद्दल १२० लिहितो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

'वैमानिक शास्त्रा'त तर नकाशे आहेत, असे कुणी म्हणेल. आहेत. तो ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात तोंडी सांगितला आणि चित्रे बंगळूरमध्ये त्याच काळात काढून घेतली गेली. चित्र आहे तिथे मॉडेलही होऊ शकते. तसे ते गावच्या जत्रेत राक्षसाचेही होते. पण मापे दिली की एक धोका असतो. ती कुणीतरी तपासतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी १९७४ मध्ये तेच केले. ग्रंथात दिलेली मापे, वजने, आकार घेतले, गणित मांडले, आणि निष्कर्ष काढला की यातले एकही विमान उडू शकत नाही, आणि ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही. पाचही जण भारतीय. कुणीही इंग्रज नाही. एवढे होऊनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. चित्रपटाबद्दल माझी तक्रार नाही. तो निदान तिकीट काढून बघायचा असतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या एका न मोजता येणाऱ्या विमानाच्या पंखांखाली मोजता येणारी माणसे झाकली गेली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात चार भारतीय वैमानिक लढले. इंद्रलाल राय, हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन, आणि चौथा मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. रायच्या नावे दहा विजय, जुलै १९१८ मध्ये बावीस तारखेला तो पडला. त्याच्यावर १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले. मलिक पुढे फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. सेन युद्धकैदी झाला. वेलिणकर २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत होता. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवरून तो परतला नाही. फ्रान्सच्या सॉम भागात हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. सर, तुमच्या शाळेत हे नाव कधी कुणी घेतले? माझ्या शाळेत तरी घेतले नाही. तळपद्यांचे मात्र दोन वेळा निबंध झाले.

इथे एक कबुली देऊन टाकतो. वेलिणकर हे आडनाव वाचले आणि माझ्यातला गोवेकर खडबडून जागा झाला. वेलिंग आमच्या फोंडा तालुक्यात! म्हणजे मूळचा आमचाच की! लगेच लेख लिहायला बसलो होतो, 'पहिल्या महायुद्धातला गोमंतकीय वैमानिक' असे शीर्षकही सुचले. मग हात आखडला. आडनावाखेरीज माझ्यापाशी काय होते? काहीच नाही. सरांचा आणि माझा रोग एकच, फक्त माझा ताप लवकर उतरला.

डॉल्फिनचे मात्र सगळे आहे. पंख ३२ फूट ६ इंच. एकास बहात्तरात पावणेचौदा सेंटिमीटर. दोनशे अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन. आणि रचना चमत्कारिक. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख पुढे असतो, इथे खालचा पुढे आणि वरचा मागे. वरच्या पंखाचा मधला भाग कापडाविना, नुसती नळ्यांची चौकट, आणि त्या चौकटीतून वैमानिकाचे डोके वर निघालेले. वरचे आकाश त्याला पुरे दिसे. पण उतरताना विमान नाकावर उलटले तर आधी काय जमिनीला लागणार, हे त्याला रोज ठाऊक असे. कपाटातल्या डॉल्फिनकडे वरून पाहिले की हे न सांगता कळते. त्या भोकात बोट ठेवून बघा. मुंबईचा तो तरुण तिथे बसत होता, डोके पंखाच्या वर काढून. माझ्या मित्राकडे डॉल्फिन अजून नाही. पण हवी असेल तर तिचे नकाशे आहेत, आणि लंडनला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात जुन्या भागांतून उभी केलेली डॉल्फिनही आहे.

आणि अभिमानच पाहिजे असेल तर विष्णू माधव घाटगे घ्या. कोल्हापूरकडचा माणूस. जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला. प्रांट्ल म्हणजे त्या शास्त्राचे पाणिनी म्हणायला हरकत नाही. परत येऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे विमान त्याच्या नेतृत्वाखाली आखले गेले. १९५१ मध्ये ते उडाले, आणि शिकाऊ वैमानिकांच्या हातांतली ती जुनी दुपंखी टायगर मॉथ त्याने घालवली. भारतीयांनी आखलेले, भारतात बांधलेले, मराठी माणसाने डोके चालवलेले, आणि खरोखर हजारो तास उडालेले विमान. ते कुठे बघायला मिळते ठाऊक आहे? आमच्या बोगमाळोला, दाबोळी विमानतळाच्या लगत, १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात. पर्यटक सुपर कॉन्स्टेलेशनच्या शिडीपाशी छायाचित्रे काढतात आणि एचटी-२ च्या जवळून आइस्क्रीम खात जातात. मी स्वतः तीन वेळा असाच गेलो आहे. चौथ्या वेळी, पांढुर्ण्याहून परतल्यावर, थांबलो आणि पावलांनी पंख मोजला. पहारेकऱ्याने संशयाने पाहिले.

आता छंदवाल्यांनाही दोन शब्द, नाहीतर मित्राची बाजू घेतली म्हणाल. हे लोक जुळवतात त्याहून जास्त विकत घेतात. मित्राच्या पलंगाखाली न उघडलेले सव्वीस डबे आहेत; वहिनींनी मोजले, त्याने नाही. डब्यावरचे चित्र बघून घ्यायचे, घरी आणून प्लॅस्टिकचा वास घ्यायचा आणि पुन्हा बंद करायचे. दुसरे म्हणजे, यांना रिख्तहोफेनचे लाल तीनपंखी विमान हवे असते. जगातला प्रत्येक जण तेच करतो, डबेवाले तेच काढतात. न्यूझीलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन याची विंगनट विंग्ज ही कंपनी २००९ पासून पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे अप्रतिम डबे काढत होती; ती २०२० मध्ये बंद पडली आणि आता उरलेल्या डब्यांचे भाव ऐकू नयेत असे आहेत. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला ज्या चार वेस्टलँड वापिटी विमानांनिशी भारतीय हवाई दलाचे काम सुरू झाले, तीही दुपंखीच. जगात उरलेले एकुलते एक वापिटी दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. ते किती भारतीय कपाटांत आहे? मित्राच्या कपाटात नाही. मी विचारले तेव्हा त्याने चष्मा पुसला.

सरकारचे म्हणाल तर सरकारच्या लेखी हे सगळे खेळणे आहे. आयातीच्या वर्गवारीत ९५०३ या एकाच शीर्षाखाली तीनचाकी सायकल, बाहुली आणि प्रमाणबद्ध मॉडेल एकत्र बसवलेले आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या खुळखुळ्याला ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण साठीतला माणूस भिंग लावून जे जुळवतो ते खुळखुळ्याच्या रांगेत का? युरोपच्या २००९ च्या खेळणी-नियमांत, संग्राहकांसाठीची तपशीलवार मॉडेले आणि ती जुळवायचे डबे, चौदा वर्षांवरच्यांसाठी अशी स्पष्ट खूण असेल तर, खेळण्यांतून वगळलेली आहेत. आपल्याकडे जकात लावताना असा फरक करायची कुणाला गरज वाटली नाही, कारण कायदा करणारा आणि "उडते का?" विचारणारा पाहुणा एकाच घरात वाढलेले असतात. देशी कारखान्यांना आडोसा मिळावा म्हणून जकात, हे मला मान्य आहे. मग एखाद्या देशी कारखान्याने वापिटीचा डबा काढावा ना! एचटी-२ चा काढावा! मी पहिला गिऱ्हाईक. आडोशाच्या मागे काही उगवलेच नाही तर तो आडोसा कशाला?

हा छंद विलायती, हा आरोप तर मला पांढुर्ण्यातच, त्याच दिवशी, हास्यास्पद वाटला. कारण खिडकीबाहेर तान्हा पोळा चालला होता. आमच्या गोव्यात हा सण नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. वाढयाने केलेला बैल, खाली चार चाके, शिंगांना रंग, पाठीवर झूल. वीतभराचा, हातभराचा, कुणाकडे तर आजोबांच्या वेळचा. वशिंड कुठे चढते, मान कुठे वळते, पुढचा पाय किती आखूड, हे त्या वाढयाने खऱ्या बैलाकडे बघून घेतलेले. याला प्रमाणबद्ध मॉडेल म्हणत नाहीत तर काय म्हणतात? नदीकाठी दगड चालले होते आणि गल्लीत बैल चालले होते. एकाच गावाचे हे दोन सण आहेत, आणि कुठल्या सणाला वर्तमानपत्रात जागा मिळते ते आपण दर वर्षी पाहतो. दिवाळीतले किल्लेही असेच, जरी तिथेही आपण रायगड म्हणतो आणि कुठल्याही ढिगाऱ्यावर महाराजांना बसवतो. असो.

मित्राचा नातू, वय दहा, बैल फिरवून आला आणि सरळ आजोबांच्या टेबलाशी गेला. तिथे टायगर मॉथचा वरचा पंख खांबांवर नुकताच ठेवलेला होता. "आबाजी, मी धरू?" आबाजींनी त्याला दोन बोटे कुठे ठेवायची ते दाखवले आणि साठपर्यंत मोजायला सांगितले. पोराने हळूहळू मोजले. चाळीसला त्याला शिंक आली, ती त्याने गिळली. साठ झाल्यावर त्याने बोटे काढली, पंख जागेवर राहिला. मग त्याने मान वाकडी करून समोरून पाहिले आणि म्हणाला, "इकडून खाली हाय." खरेच होते. अर्धा मिलिमीटर असेल. आबाजींनी काही न बोलता पंख उपटला आणि पुन्हा डिंक लावला.

सरांशी माझा संबंध पुढे टिकला आहे, त्याचा मला आनंद आहे. परवा त्यांचा व्हॉट्सअॅपवर संदेश आला. चौपाटीची तीच कथा, सोबत एक रंगीत चित्र, या वेळी विमानाला तीन मजले. खाली 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा'. मी त्यांना 'केसरी'च्या अंकाची तारीख विचारली आहे, आणि जोडीला वेलिणकरांच्या कबरीचे छायाचित्र पाठवले आहे. दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून आलेले नाही.